साठ पावलं

वायरमनकाका,

गणपतीची चवथ झाली, पाहुणे गेले, देवावर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरली, तेव्हा कुठे लिहायला बसलोय. मजुरी देताना तोंडातून धड ‘देव बरें करूं’ही निघालं नव्हतं.

पंप लावला की आमच्या घरातले दिवे मान टाकायचे. आधी आलेल्या एकाने दोष सप्लायवर ढकलला आणि स्टॅबिलायझर गळ्यात मारला. दुसरा त्याच्यावर कडी. भार वाढला की वीज तोडणारी ती एमसीबी सारखी पडते म्हणून त्याने पंचवीस अँपिअरची काढून चाळीसची बसवली आणि पाच मिनिटांत पैसे घेऊन गेला. पडायची थांबली, आम्ही खूश! गावच्या राखणदाराला झोपवून निर्धास्त झाल्यासारखंच ते. चार स्क्वेअरची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची वायर, तीही पाइपातून नेलेली, चाळीस अँपिअर कशी सोसणार, हे त्या शहाण्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

तुम्ही आलात तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. बोर्ड उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, “मीटर कुठे?” मीटर वर, रस्त्यालगतच्या फाटकापाशी; घर खाली कुळागरात, पोफळींच्या बागेत. छत्री ओसरीवर ठेवलीत, चपला काढल्यात आणि शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांना धरून धरून मोठ्याने पावलं मोजत वर गेलात. साठ. म्हणजे पंचेचाळीस मीटर. आधीच्या दोघांनी मीटर पाहिलाही नव्हता.

मग, पाय पुसायच्याही आधी, आईला विचारलंत, “चवथीच्या सकाळी एकदम काय काय चालू असतं?” आमच्या घरात विजेबद्दल आईला कोणी कधी काही विचारलेलं नाही. ती पदर सावरून सांगू लागली: गिझर, पंप, इंडक्शन, मुंबईकरांच्या खोलीतला एसी. तुम्ही कॅलेंडरच्या मागे लिहीत गेलात. बेरीज तीस अँपिअरच्या घरात. वीज जाते आणि परतही येते, म्हणून वायर नव्वद मीटर धरायची. त्या चार स्क्वेअरच्या वायरीतच बारा व्होल्ट जिरतात. दहा स्क्वेअरच्या वायरीत पाचच्या आत.

म्हापशाच्या भाच्याने फोनवरून सोळा स्क्वेअरच्या वायरीचा आग्रह धरला होता. तुम्हाला जाड वायर खपवायची आयती संधी होती. “कशाला? उरलेले पैसे अर्थिंगला घाला,” म्हणालात. असं स्वतःच्या खिशाविरुद्ध बोलणारा माणूस भेटला की मला उगीच गहिवरून येतं. वय झालं असेल.

जुनी वायर ओढली तेव्हा पाइपातला सांधा बाहेर आला: नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला, काळा पडलेला, इन्शुलेशन वितळून पाइपाला चिकटलेलं. ‘फेकू नकोस, बाब’ म्हणून तो तुकडा तुम्ही माझ्या हातात दिलात. तो दिव्याच्या वातींच्या डब्यात आहे. त्या चाळीसवाल्याला दाखवायचाय, पण तो फोन उचलत नाही.

चवथीला आरती चालू असताना कोणीतरी पंप लावला. आई टाळ्या वाजवत होती, पण बघत होती माटोळीतल्या बल्बाकडे. तो हलला नाही.

तुमची छत्री अजून ओसरीवर आहे. न्यायला या, आईने नेवऱ्यांचा डबा बाजूला काढून ठेवलाय.

कुळागरातला तुमचा बाब