ते पीस गरुडाचं नाही, शिक्र्याचं आहे

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात येळ्ळूरकडच्या शेतात दुर्मिळ गरुडाचं पीस सापडल्याची बातमी आली होती, सोबत हातात पीस धरलेला फोटो पण होता, तो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ते पीस गरुडाचं नाही हो, शिक्र्याचं आहे. आणि शिक्रा काही दुर्मिळ बिर्मिळ नाही, कबुतराएवढा शिकारी पक्षी, बेळगावात अनगोळ-वडगावात सुद्धा नारळावर नाहीतर लाईटच्या खांबावर बसून सरड्यावर टपलेला असतो, तो झेपावला की खारी कशा ओरडत सुटतात ते टेरेसवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना विचारा.

पीस मिळालं की सगळे आधी रंग बघतात, तिथेच फसतात. आधी साईज बघायची. फोटोतलं पीस त्या माणसाच्या मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पण पुरत नाही, आणि आपल्या खानापूरच्या जंगलात सर्पगरुड आहे त्याचं शेपटीचं पीस याच्या दीडपट तरी भरेल. आता कोणीतरी म्हणणारच की मग गरुडाच्या पिल्लाचं असेल, तर तसं नसतं, पिल्लू उडायला लागतं तोवर पिसं जवळजवळ पूर्ण वाढलेली असतात आणि अर्धवट वाढलेलं पीस निघालंच तर बुडाशी निळसर काळपट रक्ताची नळी दिसते. फोटोत बूड पांढरं, कोरडं, पोकळ आहे, म्हणजे पीस पूर्ण वाढून झालेलं.

मग पीस पंखाचं की शेपटीचं ते बघायचं. पंखाच्या बाहेरच्या पिसात दांडी एका कडेला सरकलेली असते, आणि शिक्र्याच्या तसल्या पिसाची रुंद बाजू टोकाकडे एकदम कापल्यासारखी अरुंद होते, ती खाच एकदा बघितली की कबुतराचं पीस घेऊन कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. फोटोतल्या पिसात दांडी बऱ्यापैकी मधे आहे, टोक गोल आहे, राखाडी-तपकिरी रंगावर गडद आडवे पट्टे आहेत, म्हणून शेपटीचं.

खरी गडबड करतो तो पावशा. पावसाच्या तोंडावर पेरते व्हा पेरते व्हा म्हणून ओरडणारा आपला पावशा दिसायला डिट्टो शिक्रा, छोटे पक्षी त्याला बघून पण घाबरतात, शेपटीवर पट्टे पण तसेच, फक्त पावशाच्या पिसाला तांबूस झाक असते आणि टोकाला ती जास्त दिसते. फोटोत ती नाही. खरुची म्हणजे छोटा ससाणा, ती थंडीत येते, पण हे तिचंही नाही, तिच्या मादीची शेपटी तांबडी आणि बारीक काळ्या पट्ट्यांची, नराची राखाडी आणि टोकाला एकच रुंद काळा पट्टा. उसाच्या फडावर एका जागी पंख मारत थांबते ती कापशी घार पण नाही, तिच्या पिसावर पट्टेच नसतात. घुबडाचं असतं तर वरून मखमल लागली असती आणि पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पिसाच्या कडेला कंगव्यासारखे दात असते, पण ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. राहिला बेसरा, शिक्र्याचाच भाऊबंद, तो जांबोटी-कणकुंबीकडच्या दाट झाडीतला, आणि खरं सांगायचं तर त्याचं आणि शिक्र्याचं एकटं पीस समोर ठेवून छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, पण येळ्ळूरच्या उघड्या भातशेतात बेसरा कशाला येईल.

अजून एक, झाडाखाली पिसांचा ढीग दिसला की लोक म्हणतात इथं ससाणा मेला. अहो तो ढीग ससाण्याचा नसतो, त्यानं खाल्लेल्या होल्याचा नाहीतर साळुंकीचा असतो. पिसं बुडापासून सबंध उपटलेली असतील तर शिकारी पक्षी, दांडी चावून तोडलेली असेल तर मांजर किंवा मुंगूस.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या वेळी असं काही आलं तर छापायच्या आधी पिसाशेजारी शाळेची पट्टी ठेवून वरून आणि खालून असे दोन फोटो मागवून घ्या, कुठं आणि कोणत्या महिन्यात सापडलं ते विचारा, तेवढ्यात निम्मं काम होतं. आणि 'पीस घरी जपून ठेवलं आहे' हे जे कौतुकानं छापलंय ते नको होतं, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारी पक्ष्याचं पीस बाळगणं बसत नाही. त्या शेतकऱ्याला कोणी त्रास द्यावा असं मुळीच म्हणणं नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, पीस जिथं मिळालं तिथं परत ठेवायला सांगा आणि दुरुस्ती मात्र त्याच पानावर छापा.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव