फाटक एक, जमाव दोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या भागातील मैदानावर फुटबॉलचा अंतिम सामना झाला आणि त्यानंतर दोन्ही संघांच्या समर्थकांत रस्त्यावर हाणामारी झाली. तिची बातमी आपल्या सांगली आवृत्तीत वाचली. ‘किरकोळ कारणावरून झालेल्या बाचाबाचीचे पर्यवसान दगडफेकीत झाले’ असे तिच्यात म्हटले आहे. बातमी खोटी नाही. पण त्या मैदानाच्या फाटकासमोर गेली एकोणीस वर्षे माझे औषधांचे दुकान आहे, आणि त्या संध्याकाळी गल्ल्यावर बसून मी जे पाहिले त्यावरून ‘किरकोळ कारण’ हे शब्द मला पटत नाहीत. कारण चांगले ढळढळीत होते. रोज बघून बघून ते आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडले होते, इतकेच. दोन्ही संघांची आणि मैदानाची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्याकडे नाव वाचले की निम्मे वाचक पुढचे पत्र वाचण्याआधीच बाजू घेऊन मोकळे होतात.

सामना चुरशीचा झाला आणि टायब्रेकरवर निकाल लागला. मैदानात शिवीगाळ झाली असेल, पण हात कोणी उचलला नाही. जे घडले ते शेवटच्या शिट्टीनंतर, बक्षीस समारंभ चालू असताना आणि तो संपता संपता. मैदानाला रस्त्याच्या बाजूने एकच मोठे फाटक आहे आणि त्याचे एक दार मांडवाच्या दोऱ्यांमुळे बंदच होते. समोरचा रस्ता मोजून वीस-बावीस फुटांचा. दोन्ही कडांना मोटारसायकलींच्या दुहेरी रांगा. हरलेल्या संघाची मुले भाषणे ऐकायला थांबली नाहीत. ती आधी बाहेर आली, पण त्यांच्या गाड्या आतल्या रांगेत अडकल्या होत्या, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटे ती तिथेच तोंडे पाडून उभी राहिली. तेवढ्यात त्याच अर्ध्या फाटकातून जिंकलेल्यांचा जथा हलगी वाजवत, गुलाल उधळत बाहेर पडला. गुलालाची एक मूठ भलत्याच्या अंगावर पडली. ती मुद्दाम टाकली की चुकून पडली हे मी सांगू शकत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याने फरकही पडत नाही. त्या अरुंद जागेत ती कोणावर तरी पडणारच होती. गटारीच्या कामासाठी आणून टाकलेला खडीचा ढीग फाटकापासून वीस पावलांवर होता. पुढचे सांगायला नको. आणि बंदोबस्ताचे चार कर्मचारी त्या वेळी प्रमुख पाहुण्यांच्या गाडीला वाट करून द्यायला पुढच्या चौकात गेलेले होते.

दहा मिनिटांत सगळे शांत झाले. रस्त्यावर चपलांचा खच पडला होता, भेळेचा एक गाडा कलंडून चुरमुरे आणि काचा एक झाल्या होत्या. नंतर शटर वर करून मी दुकानासमोरच्या तेवढ्या भागातल्या चपला मोजल्या. अकरा भरल्या, त्यात जोडी एकच.

त्याआधी दोन मुले अर्ध्या शटरखालून वाकून आत आली होती. एकाची भुवई फुटली होती, दुसऱ्याचा तळहात काचेने कापला होता. दोघांचे जर्सीचे रंग वेगळे होते हे मला कापूस लावताना लक्षात आले. त्यांना ते आधीच लक्षात आले असणार, पण एकाच बाकावर बसण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हते. टाके पडतील, सरकारी दवाखान्यात जा, असे मी सांगितले तर दोघेही नको म्हणाले, कारण मारामारीची जखम म्हटले की तिथून पोलिसांना कळवले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भुवई फुटलेल्या मुलाचा पहिला प्रश्न होता, “काका, केस पडंल काय वो? भरतीचा फॉर्म भरलाय.” दुसऱ्याने मान वर केली आणि म्हणाला, “मी बी भरलाय.” आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात पोलिस आणि लष्कराच्या भरतीसाठी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी हजारो मुले आहेत. दंगलीचा गुन्हा नावावर आला की चारित्र्य पडताळणीत काय होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तरीही रविवारी संध्याकाळी ती खडीच्या ढिगाकडे धावली. केवळ भीती घालून हे थांबत असते तर आधीच थांबले असते.

घटनेनंतर दोन सूचना जोराने पुढे येत आहेत, आणि दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. पहिली अशी की, पुढच्या वेळी बाहेरच्या संघाच्या समर्थकांना मैदानात येऊच देऊ नये. हा प्रयोग जगात आधीच झालेला आहे. अर्जेंटिनात २०१३ पासून लीग सामन्यांना पाहुण्या संघाच्या समर्थकांवर बंदी घालण्यात आली. २०१८ च्या कोपा लिबर्तादोरेस स्पर्धेच्या अंतिम फेरीत रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनिअर्स हे ब्वेनोस आयरेसचेच दोन कट्टर प्रतिस्पर्धी समोरासमोर आले, तेव्हा २४ नोव्हेंबरच्या दुसऱ्या सामन्याला बोकाच्या समर्थकांना प्रवेश नव्हता. भांडायला समोर कोणी नाही म्हटल्यावर स्टेडियमकडे येणाऱ्या बोकाच्या खेळाडूंच्या बसवरच दगड आणि बाटल्या पडल्या, काचा फुटून खेळाडू जखमी झाले, आणि अखेर तो सामना ९ डिसेंबरला थेट माद्रिदमध्ये खेळवावा लागला. गल्लीतले भांडण समुद्रापार नेऊन मिटवायची ही तऱ्हा.

दुसरी सूचना, पोलिसांनी सरळ लाठ्या चालवाव्यात, गरज पडल्यास अश्रुधूर सोडावा. हे म्हणणाऱ्यांनी इंडोनेशियातील मलांग येथे १ ऑक्टोबर २०२२ रोजी कांजुरुहान स्टेडियममध्ये काय झाले ते एकदा वाचावे. तिथेही पर्सेबाया या पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊ दिलेले नव्हते. यजमान अरेमा संघ ३-२ असा हरला, त्याचेच समर्थक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. धूर प्रेक्षकांच्या सज्ज्यांत शिरला, लोक जीव घेऊन दारांकडे पळाले, आणि अरुंद, काही ठिकाणी नीट न उघडलेल्या दारांशी चेंगराचेंगरी झाली. १३५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. गर्दी आवरण्यासाठी असा वायू मैदानात वापरू नये, असे फिफाचा सुरक्षाविषयक नियम आधीपासूनच सांगत होता. आमच्या मैदानाचे ते अर्धे उघडे फाटक मी रोज पाहतो, त्यामुळे ‘अश्रुधूर’ हा शब्द कोणी सहज उच्चारला की माझ्या अंगावर काटा येतो.

इतके लांब जायचे नसेल तर कोलकाता आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानावरची धसमुसळी प्रेक्षकांत पसरली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही संघांचे समर्थक तेव्हा एकाच सज्ज्यात मिसळून बसलेले होते. बंगालमध्ये त्या दिवशी फुटबॉलप्रेमींची आठवण म्हणून आजही रक्तदान शिबिरे होतात. आणि याच दोन क्लबांचे समर्थक १८ ऑगस्ट २०२४ रोजी, सुरक्षेच्या कारणावरून त्यांचा ड्युरंड कपचा सामना रद्द झाला असताना, आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागायला सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकमेकांचे झेंडे एकत्र घेऊन उभे राहिले. म्हणजे ही माणसे जन्मजात वैरी नसतात. कोणत्या कारणासाठी, कोणत्या जागेत आणि किती दाटीत आपण त्यांना समोरासमोर आणतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

इंग्लंडचे उदाहरण आपल्याकडे नेहमी कडक कायद्यासाठी दिले जाते. १९८९ च्या कायद्यानुसार तिथले न्यायालय हुल्लडबाजाला काही वर्षे सामन्यांपासून दूर ठेवू शकते, हे खरे आहे. त्याने बाकीच्यांची शिक्षा टळते, म्हणून मला तो विचार आवडतो. पण आपल्या कामाची गोष्ट त्याहून साधी आहे. दोन समर्थकगटांना वेगळी दारे, वेगळे रस्ते आणि गरज पडली तर वेगळी वेळ. एक गट पांगेपर्यंत दुसऱ्याला आत थांबवून ठेवायचे. याला पैसा लागत नाही, आधी डोके लावावे लागते.

आणि हे आपल्याला जमत नाही असेही नाही. मिरजेची गणेश विसर्जन मिरवणूक दिवस-रात्र चालते. तिचा मार्ग आणि बंदोबस्त यांवर आधी बैठका झडतात. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात गावोगावचे शौकीन हजारोंनी येतात, पैलवानावरून तिथेही ईर्षा कमी नसते. पण यात्रा कमिटीची जाणती माणसे शेवटची जोड सुटून फड मोकळा होईपर्यंत आखाड्याभोवती उभी असतात, आणि त्यांच्यापैकी एकाने नुसते नाव घेऊन हाक मारली तरी तापलेला पोरगा मागे सरतो. फुटबॉलच्या संयोजकांची जबाबदारी मात्र चषक देताना फोटो निघाला की संपते, असा समज झालेला दिसतो. रविवारी गुलाल उडाला तेव्हा संयोजकांचा बिल्ला लावलेले एकही माणूस रस्त्यावर नव्हते. सगळे व्यासपीठावर हारतुरे आवरत होते.

म्हणून माझी विनंती अशी की, स्पर्धेला परवानगी देताना ‘सामन्याच्या वेळी शांतता राखावी’ हे ठराविक वाक्य लिहून थांबू नये, तर शेवटच्या शिट्टीपासून रस्ता रिकामा होईपर्यंत जबाबदार कोण, हे नावानिशी लिहून घ्यावे. दोन्ही मंडळांचे चार-चार वडीलधारे फाटकावर उभे करावेत. अनोळखी खाकी वर्दीपेक्षा शेजारच्या अण्णांचा धाक आमच्याकडे अजून जास्त चालतो. गाड्या मैदानालगत लावूच देऊ नयेत. खडी, विटा, फरशा सामन्याच्या आदल्या दिवशी उचलाव्यात. मिरवणूक काढायची असेल तर हरलेला संघ गेल्यावर काढावी. गुलाल अर्ध्या तासाने शिळा होत नाही.

आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर कोल्हापुरात तालीम मंडळांच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमवर सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. सांगली-मिरजेच्या मुलांतही ती ओढ आहे, हे रोज संध्याकाळी माझ्याकडे पायाला बांधायची पट्टी आणि दुखण्यावरचा स्प्रे मागायला येणाऱ्यांच्या संख्येवरून मी सांगू शकतो. रविवारच्या प्रकारानंतर स्पर्धाच बंद करा, अशी मागणी आमच्याच व्यापारी मित्रांपैकी काहींनी केली आहे. नुकसान माझेही झाले, काचेच्या कपाटाचा एक भाग गेला, तरी त्या मागणीच्या कागदावर मी सही केलेली नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी मैदानाला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथे दुसरे फाटक आहे, चांगले रुंद, आणि ते अगदी वेगळ्या रस्त्यावर उघडते. त्याला जुन्या मांडवाचे बांबू टेकवून ठेवले आहेत आणि कुलूप इतके गंजले आहे की ते शेवटचे कधी उघडले होते हे शेजारच्या चहावाल्यालाही आठवेना. पुढचा सामना पंधरवड्यावर आला आहे. त्या कुलपाची किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, एवढे संबंधितांनी त्याआधी आपल्या वृत्तपत्रातून कळवावे. बांबू हलवायला माणसे मी देतो.

आपला नम्र,
एक औषध दुकानदार, सांगली