तुमच्याच सूचनांप्रमाणे माप दिलं, तरी किल्ट बसत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: मापाने शिवलेला किल्ट न बसल्याबद्दल आणि बदलून देण्यास नकार दिल्याबद्दल तक्रार

स.न.वि.वि.

तुमची ग्राहकसेवा पुण्यातून चालते आणि मराठीत लिहिलं तरी चालेल, असं फोनवरच्या मुलीने सांगितलं, म्हणून मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मेलना आतापर्यंत आलेली उत्तरं अक्षरशः एकसारखी होती. हे पत्र तरी कोणीतरी वाचेल अशी आशा आहे.

ऑगस्टमध्ये इथे स्कॉटलंडमधल्या पर्थला माझ्या मुलाचं लग्न आहे. व्याही स्कॉटिश, त्यामुळे वरपित्यानेही किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, घालायचा असं ठरलं. ह्यांच्यासाठी तुमच्याकडे ब्लॅक वॉच टार्टनचा (म्हणजे त्या नावाच्या चौकड्यांचा), १६ औंसांच्या लोकरी कापडाचा, ८ वारी किल्ट सांगितला आणि ५४० पौंड आगाऊ भरले. कापडाबद्दल तक्रार नाही, कापड उत्तम आहे. पण नाभीशी बांधायला गेलं की पट्टे बकलापर्यंत पोचत नाहीत, साडेतीन इंच कमी पडतात. पोटाखाली उतरवला तर बकलं लागतात, पण मग मागच्या चुण्यांची शिलाई सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, खाली जाते आणि ज्या चुण्या चालताना झुलायला हव्यात त्या मांड्यांवर आवळून बसतात. सोबतचे फोटो बघा.

तुमचं म्हणणं एकच: मापं ग्राहकाने दिली, चूक ग्राहकाची. हे मला अजिबात मान्य नाही. डोंबिवलीत असताना मी बायकांचे ब्लाउज शिवून द्यायचे, टेप कशी धरायची हे मला कोणी शिकवायला नको. तुमच्या मापाच्या सूचनांत पहिलीच ओळ आहे: ‘पँटचा पट्टा जिथे बांधता तिथे कंबर मोजा.’ तिथे ह्यांची कंबर ३६ इंच भरते, मी ३६ लिहिलं. किल्ट मुळात पँटच्या जागी घालतच नाहीत. तो वर, नाभीच्या आसपास बसतो आणि तिथे ह्यांचा घेर साडेएकोणचाळीस आहे. आपल्याकडचे पन्नाशीतले पुरुष पँट पोटाखाली घालतात, हे पुण्यात बसून तुम्हाला ठाऊक नाही असं कसं म्हणू?

लांबीची तीच गत. सूचनेत नुसतं ‘कमरेपासून गुडघ्यापर्यंत’. मी वाटीच्या मध्यापर्यंत घेतलं, तुम्ही सांगितलेल्या पट्ट्याच्या जागेपासून २१ इंच आलं. नाभीपासून घेतलं तर २४ येतं. सीट किती खाली आहे, म्हणजे चुण्या कुठवर शिवायच्या, हे तर तुम्ही विचारलंच नाही.

‘स्थानिक शिंप्याकडून दुरुस्त करून घ्या’ हे तुमचं उत्तर वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. किल्टला खाली दुमड नसते, खालची कड म्हणजे कापडाचा मूळ काठच. सोडायला माया आणायची कुठून? कमरेला पट्टे-बकलं सरकवून इंच-दोन इंच मिळतील, त्यापुढे प्रत्येक चुणी उसवावी लागते, कारण प्रत्येक चुणी सीटपासून कमरेकडे निमुळती शिवलेली असते आणि टार्टनच्या चौकड्या एकमेकींशी जुळवलेल्या असतात. इथल्या एका किल्ट शिवणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी किल्ट उलटा करून आतली शिलाई बघितली आणि सरळ सांगितलं, याच्यापेक्षा नवा शिवा.

त्याच बाईंनी ह्यांचं माप घेतलं, तेही इथे लिहिते, कारण तुमच्या सूचनांत हे असायला हवं होतं. माप स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही. माणूस टेप बघायला मान खाली घालतो, पाठ वाकते आणि लांबी कमी भरते. सरळ उभं राहून समोर बघायचं, अंगात पातळ शर्ट, जीनवरून मोजायचं नाही. पँटवर छापलेला आकडा तर विसरूनच जायचा, तो कंपनीगणिक बदलतो. कंबर नाभीशी, टेप चारही बाजूंनी एका पातळीत, आवळायची नाही. सीट सगळ्यात भरीव जागी. कंबर ते सीट अंतर वेगळं लिहायचं, मग लांबी वाटीच्या मध्यापर्यंत. शेवटी गुडघे टेकून बसायचं, ठरवलेली लांबी जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली की माप बरोबर. यातलं काय अवघड होतं?

मापाने शिवलेल्या वस्तूला १४ दिवसांत परत करण्याची सवलत नसते, हे तुम्ही पुन्हा पुन्हा कळवता. मला माहीत आहे. पण माझं मन बदललेलं नाही, मला किल्ट हवाच आहे. तुमच्या लेखी सूचना पाळून दिलेल्या मापाचा किल्ट अंगावर घालता येत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू दुरुस्त करून किंवा बदलून मागण्याचा हक्क आहे.

तेव्हा सोबतच्या नव्या मापांनी, त्याच कापडाचा किल्ट जुलैअखेरपर्यंत विनामूल्य शिवून द्यावा. जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि हा किल्ट तुमच्या खर्चाने नेण्याची व्यवस्था करावी. दोन्हींपैकी काय करणार ते १० दिवसांत लेखी कळवावं, म्हणजे इथल्या बाईंना कापड सांगायला वेळ उरेल. आणि मापाच्या सूचनांतली ती पहिली ओळ आजच काढून टाका.

कळावे,
आपली ग्राहक

स्थळ: एडिंबरा
सोबत: किल्टचे फोटो, नवी मापं, पावतीची प्रत, तुमच्या सूचनांच्या पानाची छापील प्रत