बाळाच्या घरी आशाताई येतात, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे कोण जाणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आमच्या गावच्या आशाताई दारात हजर होतात. बाळ जन्मल्यापासून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्यांची फेरी ठरलेली असते. शेजारच्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा मी हे काम जवळून पाहिले. आल्या आल्या त्यांनी साबणाने हात धुतले, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन केले, काखेत थर्मामीटर धरला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. पुन्हा मोजूनही मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी घरच्यांना नीट समजावले. आजी गुटी उगाळायच्या तयारीत होत्या. ‘सहा महिने अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको,’ असे आशाताईंनी सांगितले आणि आजींनी ते मानले. सांगणारी बाई गावातलीच, रोजच्या उठण्याबसण्यातली होती, म्हणून मानले.

ही पद्धत आपल्या मातीतली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून देशभरातल्या आशांकडे हे काम सोपवले गेले. पुढे बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंतही त्यांच्या काही फेऱ्या असतात.

मूल मोठे झाले की मात्र घराला विचारायला माणूस उरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी महिना महिना लांबते, तिने कुणाला सांगावे? वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असते, हे आमच्याकडच्या कितीतरी आयांनी ऐकलेले नाही. पाळी जायच्या वयातल्या बायका जास्त अंगावर जाते तरी ‘या वयात व्हायचंच’ म्हणून वर्षभर सोसतात. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, हे त्यांना घरी येऊन कोणी सांगितले तर त्या नक्की जातील.

सर्वांत जास्त हाल म्हाताऱ्या माणसांचे. ओळखीच्या एका घरात आजोबांचे तोंड अचानक वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. ‘वारं गेलं’ म्हणून आधी तेल चोळले, मग औषध देणाऱ्या कुणाकडे तरी नेले, आणि दवाखाना गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. हा पक्षाघात होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून. म्हणजे १०८ ला ताबडतोब फोन करून ‘सीटी स्कॅन असेल तिथे न्या’ म्हणायला हवे होते. हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आज त्यांची सूनच सगळे करते. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे तिला सासऱ्यांच्या कंबरेला पहिली जखम झाली तेव्हा कळले. रात्री उठून उठून तिची झोप गेली आहे, आणि तिची विचारपूस करणारे कोणी नाही.

आधार अगदीच नाही असेही नाही. मन खचले असेल, घरात कोणी भ्रमिष्टासारखे वागत असेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. पण ज्या सुनेला घराबाहेर पडायला उसंत नाही, तिच्यापर्यंत हे आकडे पोचणार कसे? मोबाइलवर शोधले तर एकीकडे भीती घालणारे व्हिडिओ, दुसरीकडे चूर्ण विकणारे.

म्हणून माझी मागणी आहे की बाळाच्या घरी जशा ठरलेल्या दिवशी फेऱ्या होतात, तशाच अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरीही व्हाव्यात. नवजात बाळाच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्यावर आशाताईंना मिळणारा मोबदला २५० रुपये. एवढ्यावर आणखी काम त्यांच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे होईल. नव्या फेऱ्यांचा पैसा वेगळा मिळाला पाहिजे आणि तो वेळेवर मिळाला पाहिजे. कूस कशी बदलायची, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसे बसवायचे, याचे शिक्षण त्यांना मिळाले तर त्या ते सुनांना शिकवतील. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा अशा घरी स्वतः जावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या वृत्तपत्राने एक काम करावे. वर लिहिलेले क्रमांक, पक्षाघाताची लक्षणे आणि आपल्या जिल्ह्यात सीटी स्कॅनची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयांची नावे एका चौकटीत, ठसठशीत अक्षरांत छापावीत. म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता येईल आणि कापून भिंतीला चिकटवता येईल एवढी ती मोठी असावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. कराड, जि. सातारा