‘किरकोळ मार’ हे शब्द क्रीडापानावरून काढा

संपादक महोदय,

‘डोक्याला किरकोळ मार बसूनही तो जिद्दीने खेळत राहिला’, असं वाक्य सामन्याच्या वृत्तांतात कौतुकाने छापलं जातं. कृपया ते थांबवावं.

धडकेत कवटी जागीच थांबते, आतला मेंदू मात्र हलतो, पिळवटतो आणि चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण मेंदूचं हे हलणं त्याला रोखता येत नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे धक्क्याने मेंदूला झालेल्या अशा इजेत, बहुतेकदा शुद्ध हरपत नाही. सीटी स्कॅनही नॉर्मल येतो, कारण तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. स्कॅन चांगला आला म्हणून खेळाडूला परत उतरवणं ही फार मोठी चूक आहे. लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसू लागतात.

म्हणून नुसता संशय आला तरी त्या दिवशीचा खेळ बंद. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका (फिट), वाढती ग्लानी, हातापायांत अशक्तपणा यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. एरवी पहिले २४ ते ४८ तास आराम करावा, मात्र थोडं चालणं-फिरणं चालतं. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा सल्ला आता जुना झाला. पुढे हलका व्यायाम, मग धावणं, मग अंगाला अंग न भिडवता सराव. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत, त्रास वाढला तर एक पायरी मागे यावं. ‘बरं वाटतंय का?’ असं खेळाडूलाच विचारून निर्णय घेऊ नये. त्याला खेळायचंच असतं, आणि उत्तर देणारा मेंदू तोच दुखावलेला असतो.

मुष्टियोद्ध्यांमधला, डोक्यावर सतत ठोसे खाऊन होणारा ‘पंच ड्रंक’ आजार अमेरिकन डॉक्टर मार्टलंड यांनी १९२८ मध्ये नोंदवला होता. तरीही अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून मेंदू हळूहळू खराब होण्याचा आजार) आढळल्याचा लेख २००५ मध्ये आला, तेव्हा एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायला सांगितलं. खेळाचा या आजाराशी संबंध आहे हे लीगच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं २०१६ मध्ये! सीटीईचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदूची ऊती तपासूनच होतं, आणि नाकारणाऱ्यांना हीच पळवाट पुरली.

सीटीईचा धोका एखाद्याच मोठ्या धडकेपुरता नसतो. लक्षणंही न देणारे धक्के वर्षानुवर्षं साचत जातात. इंग्लंडचे फुटबॉलपटू जेफ ॲस्टल यांच्या मृत्यूला कॉरोनरने (मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) २००२ मध्ये व्यवसायजन्य आजार ठरवलं, ते चेंडू डोक्याने मारत राहिल्यामुळे. त्यामुळे कन्कशनचे नियम पुरेसे नाहीत. सरावातल्या धडका आणि हेडर मोजून कमी करायला हवेत. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्येच झाला.

यापुढे बातमीत एवढं तरी छापावं: मार बसल्यावर खेळाडूला किती मिनिटांत बाहेर काढलं, आणि त्याला कोणी तपासलं.

— क्रीडावैद्यक क्षेत्रातील काही वाचक