डायलिसिसच्या सिस्टरना, आईच्या दातांबद्दल

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. मंगळवार-गुरुवार-शनिवार सकाळच्या शिफ्टला येणाऱ्यांना ओळख पटेलच.

मशीनवर चार तास पडलेल्या माणसाचं वजन, बीपी, फिस्चुला (सुया टोचायला हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी) सगळेच बघतात. आईच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं ते फक्त तुम्ही. जेवण जात नाही, तोंड लोखंडासारखं लागतं, वास येतो, एवढंच ती सांगायची. तुम्ही म्हणालात, रक्तातला युरिया लाळेत उतरून त्याचा अमोनिया होतो, तो वास किडनीचा. पण हिरडीतून येतोय तो पू आहे, त्याला डायलिसिस काय करणार?

मग इंजेक्शनं भरता भरता सांगितलंत, की या आजारात पांढऱ्या पेशी असून नसल्यासारख्या वागतात. जंतू माजले तरी ताप चढेलच असं नाही. आत धुमसणाऱ्या सुजेने भूक मरते, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं. हिपॅटायटिस बीची लस आईला दुप्पट मात्रेत का दिली होती, तेही तेव्हाच उमगलं.

दात काढायचं ठरल्यावर तुम्ही डेंटिस्टसाठी लिहून दिलेला कागद मी अजून फाइलमध्ये ठेवलाय. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचा असर उतरलेला असावा म्हणून दात डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढा. फिस्चुलाच्या हाताला बीपीचा पट्टा नको. दुखण्यावर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. अँटिबायोटिकचा डोस किडनीच्या डॉक्टरांना विचारून. कागद वाचून डेंटिस्टनी आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, मगच सुई हातात घेतली. असं प्रत्येकाच्या नशिबी येत नाही.

पाणी मोजून प्यायचं, त्यात तोंडाला कोरड. चूळ भरून थुंकायची, बर्फाचा छोटा खडा चघळायचा, पण तोही पाण्याच्या हिशोबात धरायचा, हेही तुमचंच. आता तिला भाकरी पुन्हा गोड लागते.

मामाची किडनी जुळतेय. ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांचं पत्र मागितलंय. ते मिळालं, याचं बरंच श्रेय तुमचं.

राहिली तंबाखूची मिश्री. लग्नाआधीपासूनची सवय, कमी झालीय, सुटलेली नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? "मावशी, मशीन रक्त धुतंय, हिरड्या कोण धुणार?" या तुमच्या प्रश्नावर ती हसली होती. शनिवारी पुन्हा विचारा. आमचं ती ऐकत नाही.

तुमची,
मावशींची मुलगी