रविवारच्या सरावाआधी वाचा

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सार्वजनिक शूटिंग रेंजवर आपला नेमबाजीचा सराव आहे. शेजारच्या लेनमध्ये नवखेही असतील, त्यामुळे आपलं वागणं नेहमीपेक्षा काटेकोर हवं.

• ‘बंदूक रिकामी आहे’ असं कुणी म्हटलं तरी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) स्वतः उघडून पाहा. नळी कायम टार्गेटच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर.

• धोका दिसला तर ‘थांबा’ असं कुणीही ओरडू शकतं, त्यासाठी रेंज ऑफिसरच (रेंजवर देखरेख करणारा) हवा असं नाही. ऐकताच गोळीबार बंद. माणसं टार्गेट बदलायला पुढे गेली असताना बंदुकीला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही.

• चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. लगेच वळून शेजाऱ्याला दाखवायची खोड बऱ्याच जणांना आहे. मलाही होती.

• डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. बघायला आलेल्यांनाही.

• शिशाचे कण हातावर राहतात. साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

पहिल्यांदाच येणाऱ्यांनी ७:४५ लाच पोहोचा. उशिरा आलेल्यांना सूचना ऐकल्याशिवाय फायरिंग लाइनवर (जिथून गोळी झाडतात तिथे) घेतलं जाणार नाही.